‘कॉन्स्पिक्युअस’ पुन्हापुन्हा चुकतोय? आधी बिघाड कुठे आहे ते बघा

तक्रार नेहमीची आहे. शब्द पाठ आहे, अर्थही पाठ आहे: ठळक, लक्षवेधी, उठून दिसणारा. तरी वाक्यात टाकला की साहेब लाल पेनाने गोल करून कागद परत पाठवतात. दुरुस्त करून दिलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा तोच शब्द आणि तोच गोल. फोर्टमध्ये कचेऱ्यांची इंग्रजी पत्रं तपासायचं आणि सूचनांची भाषांतरं करायचं माझं काम आहे. ‘कॉन्स्पिक्युअस’ माझ्या टेबलावर इतका नेमाने बिघडून येतो की त्याच्या ठरावीक खोडी आता ओळखीच्या झाल्या आहेत. शब्दकोश पुन्हा उघडून त्या सुटत नाहीत, कारण शब्दकोशात दिलेला अर्थ चुकीचा नसतोच. तो शब्द कुठे बसतो आणि कुठे बसत नाही, एवढंच तिथे लिहिलेलं नसतं.

‘संशयास्पद’ म्हणायचं होतं आणि भलतंच झालं

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. उपनगरातल्या एका सोसायटीची नोटीस बघा. सेक्रेटरीकाकांनी सरळ मनाने लिहिलं होतं, ‘इफ यू सी एनी कॉन्स्पिक्युअस पर्सन इन द बिल्डिंग, इन्फॉर्म द वॉचमन.’ काकांना म्हणायचं होतं संशयास्पद माणूस, म्हणजे ‘सस्पिशस’. आता या नोटिशीप्रमाणे वॉचमनने अडवायचं कोणाला? मुंडावळ्या बांधून जिना उतरणाऱ्या नवरदेवाला! सगळ्यांच्या आधी नजर त्याच्यावरच जाणार ना.

मूळ बिघाड शब्दाच्या अर्थामध्ये नाही, तोंडात आहे. आपल्याकडे बरेच जण हा शब्द ‘कॉन्स्पिशस’ असा म्हणतात. एकदा तसा बसला की तो ‘सस्पिशस’च्या शेजारी जाऊन बसतो आणि दोघांची अदलाबदल व्हायला लागते. स्पेलिंग नीट बघा. ‘सस्पिशस’च्या शेवटी सी-आय-ओ-यू-एस आहे. सी नंतर आय आणि त्यापुढे आणखी एक स्वर आला की त्याचा बहुधा ‘श’ होतो. ‘प्रेशस’, ‘डिलिशस’, ‘स्पेशस’ सगळे असेच. ‘कॉन्स्पिक्युअस’मध्ये मात्र सी नंतर यू आहे, सी-यू-ओ-यू-एस. यूच्या आधी सीचा ‘क’च राहतो, ‘क्युरिअस’मध्ये राहतो तसा. इंग्रजी उच्चार कन्-स्पि-क्यु-अस, आणि जोर ‘स्पि’वर. पहिल्या अक्षरावर आपण जो ऐसपैस ‘कॉ’ लावतो तो तिथे नाही, पण त्यावरून कोणी अडवणार नाही. ‘क्यु’ खाल्लात तर मात्र पुढचं सगळं घसरतं.

त्यात संगणक मदतीला येतो आणि रोग दाबून टाकतो. ‘सस्पिशस’च्या धर्तीवर कोणी शेवटी सी-आय-ओ-यू-एस टाइप केलं की खाली लाल रेघ येते. माणूस पहिल्या सूचनेवर क्लिक करतो. स्पेलिंग बरोबर होतं, रेघ जाते आणि चुकीचा शब्द शुद्ध स्पेलिंगमध्ये कायमचा बसतो. म्हणून लाल रेघ दिसली की क्लिक करायच्या आधी मराठीत विचारा: मला ‘संशयास्पद’ म्हणायचंय की ‘नजरेत येणारं’?

दोन्ही शब्दांचं घराणं एकच, हे मात्र खरं. लॅटिनमध्ये ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. त्याला ‘कॉन’ लागून नीट, भरभरून पाहणं झालं. ‘सब’ लागून खालून, चोरट्या नजरेने वर पाहणं झालं, त्यातून संशय आला. आपल्या संस्कृतात त्याचाच भाऊबंद ‘स्पश्’ हा धातू आहे. ‘स्पश’ म्हणजे हेर, आणि रोज आपण वापरतो तो ‘स्पष्ट’ याच धातूचा. इंग्रजी शब्द लक्षात राहत नसेल तर ‘स्पष्ट’मधला ‘स्प’ धरून ठेवा, निदान तो संशयाकडे जाणार नाही.

फरक पक्का करायचा तर लोकलचा डबा पुरे. सीटखाली सरकवून ठेवलेली बेवारस बॅग ‘सस्पिशस’ असते, आणि ती मुद्दाम कोणाच्या नजरेत येऊ नये अशीच ठेवलेली असते, म्हणजे ‘कॉन्स्पिक्युअस’च्या नेमकी उलट. याउलट संध्याकाळी सहाच्या विरार गाडीत सेकंड क्लासला एखादा पाहुणा दोन भल्यामोठ्या ट्रॉली बॅगा घेऊन चढला, तर सगळा डबा त्याच्याकडे बघतो. तो पुरता ‘कॉन्स्पिक्युअस’. शिव्या खाईल, पण संशय कोणी घेणार नाही.

बायोडेटात का चालत नाही

‘आय वॉज अ कॉन्स्पिक्युअस स्टुडंट ऑफ माय कॉलेज.’ असं लिहिणाऱ्याचा दोष कमी आणि स्पर्धा परीक्षांच्या समानार्थी शब्दांच्या याद्यांचा जास्त. तिथे ‘एमिनंट’, ‘प्रॉमिनंट’, ‘नोटेबल’, ‘कॉन्स्पिक्युअस’ एका ओळीत छापलेले असतात. पर्याय निवडून एक मार्क मिळवायला ती ओळ ठीक आहे. वाक्य लिहायला बसलात की ती दगा देते.

मराठीत नजरेत येण्यासाठी आपल्याकडे बरीच क्रियापदं आहेत, आणि बोलणाऱ्याला ते आवडलं की नाही हे त्या क्रियापदातच कळतं. पैठणी डोळ्यांत भरते. शेजाऱ्याची नवी गाडी डोळ्यांत खुपते. नव्या रंगाच्या भिंतीवरचा ओलीचा डाग खटकतो. सून चारचौघींत उठून दिसते. इंग्रजी शब्द या चारही ठिकाणी चालेल, पण त्यात कौतुक नाही आणि असूयाही नाही. तो फक्त सांगतो की नजर शोधायच्या आधीच तिथे गेली. बरं की वाईट, ते शेजारच्या नामावरून कळतं. ‘कॉन्स्पिक्युअस सक्सेस’ चांगलं, ‘कॉन्स्पिक्युअस फेल्युअर’ वाईट. नुसता ‘स्टुडंट’ शेजारी बसवलात तर वाचणाऱ्याला चांगलं-वाईट काहीच कळत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो हिरवे केस रंगवलेला मुलगा.

मग शौर्यपदकांत हा शब्द कसा, असं कोणी विचारतं, आणि प्रश्न रास्त आहे. 26 जानेवारी 1950 रोजी सुरू झालेल्या परमवीर चक्राच्या नियमांत ‘मोस्ट कॉन्स्पिक्युअस ब्रेव्हरी’ असे शब्द आहेत. कीर्ती चक्राला ‘कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री’ आहे. परमवीर चक्राचे शब्द व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिश शौर्यपदकाच्या नियमांतून चालत आलेले. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणांगणावर तो क्रॉस मिळवणाऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव होते. पण तिथली रचना नीट बघा. विशेषण शौर्याला लावलं आहे, शिपायाला नाही. रणांगणावर सगळेच लढत असतात. त्यातही ज्याचं शौर्य वेगळं, सगळ्यांच्या नजरेत यावं असं, त्याला पदक. तेव्हा गुण आधी पकडा आणि विशेषण त्याला लावा. माणसालाच लावायचं असेल तर पुढे ‘फॉर’ जोडून कारण द्या: ‘शी वॉज कॉन्स्पिक्युअस फॉर हर पेशन्स’ हे वाक्य उभं राहतं. बायोडेटात मात्र मी तोही सल्ला देत नाही. तिथे ‘आउटस्टँडिंग’ लिहा, त्याहून बरं म्हणजे सरळ मार्क लिहा.

‘इट इज कॉन्स्पिक्युअस दॅट…’

इथे चर्चा नकोच. ही रचना इंग्रजीत नाही. ‘उघड आहे की’ म्हणायचं तर ‘ऑब्व्हिअस’, ‘एव्हिडंट’ किंवा ‘क्लिअर’. डोक्याला कळतं ते ‘ऑब्व्हिअस’, डोळ्याला दिसतं ते ‘कॉन्स्पिक्युअस’. हिशेब जुळत नाही हे बेरीज केल्यावर ‘ऑब्व्हिअस’ होतं. त्या आकड्यावर कोणी खाडाखोड करून ठेवली असेल तर ती खाडाखोड बेरजेच्या आधीच ‘कॉन्स्पिक्युअस’ असते. या शब्दापुढे ‘दॅट’ आला की तो शब्द काढा, एवढंच.

नोटीस कुठे लावायची

कायद्याच्या भाषेत हा शब्द फार कामाचा आहे आणि मराठी भाषांतरात तिथे हमखास ‘लक्षवेधी’ पडतो. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशात, सतराव्या नियमात, प्रतिवादी समन्स घेईना किंवा सापडेना तर प्रत घराच्या बाहेरच्या दारावर किंवा घराच्या दुसऱ्या कुठल्या ‘कॉन्स्पिक्युअस’ भागावर चिकटवायची सोय आहे. हेतू व्यवहारी आहे: मागाहून ‘मला दिसलंच नाही’ म्हणायला जागा राहू नये. याला मराठीत वर्षानुवर्षं चालत आलेला शब्द आहे, ‘दर्शनी भाग’. ‘घराच्या लक्षवेधी भागावर नोटीस डकवली’ असं वाचलं की झुंबर टांगलेला दिवाणखाना आठवतो. कोर्टाचा बेलिफ काही तिथे जात नाही.

चाळीत तर हे आणखी गमतीचं. खोलीचं दार गॅलरीत उघडतं, दिवसभर उघडं असतं, बाहेरून भिंतीला टेकलेलं. त्याच्यावर चिकटवलेला कागद भिंतीकडे तोंड करून बसतो. दार हा दर्शनी भाग खरा, पण ते मिटलेलं असेल तेव्हाच. अशा वेळी चौकटीवर किंवा नावाच्या पाटीखाली कागद लागतो, आणि नियमातल्या ‘दुसरा कुठला कॉन्स्पिक्युअस भाग’ या शब्दांचं मोल तेव्हा कळतं.

पाकीटबंद मालाच्या 2011 च्या नियमांतही माहिती ‘डेफिनिट, प्लेन अँड कॉन्स्पिक्युअस’ असावी असं म्हटलं आहे. तीन शब्द एकाच अर्थाचे वाटतात, म्हणून भाषांतर करणारे एक गाळतात. गाळू नका. ‘डेफिनिट’ म्हणजे मोघम नाही, ‘प्लेन’ म्हणजे वाचून समजेल असं, आणि ‘कॉन्स्पिक्युअस’ म्हणजे पाकीट हातात घेतल्यावर शोधावं लागणार नाही असं. माहिती पहिल्या दोन अटींत बसूनही पाकिटाच्या घडीत लपलेली असू शकते.

पण ‘दर्शनी’ सापडला म्हणून तो सगळीकडे ठोकू नका. ‘दर्शनी चूक’, ‘दर्शनी यश’ हे मराठी नाही. पाटी, फलक, सूचना, परवाना यांना ‘दर्शनी भागी’, चुकीला ‘ढळढळीत’ किंवा ‘नजरेत भरणारी’, फरकाला ‘ठळक’. इंग्रजीचा एक शब्द मराठीत चार ठिकाणी चार होतो, आणि शब्दकोशातला पहिला अर्थ उचलणाऱ्याची फसगत इथेच होते.

कशाच्या मानाने?

वरच्या सगळ्या दुरुस्त्या करूनही वाक्य पोकळ वाटत असेल तर बहुधा पार्श्वभूमी राहून गेली आहे. उंच, लाल, गोल हे गुण वस्तूचे स्वतःचे असतात. ‘कॉन्स्पिक्युअस’ हा गुण तसा नाही. तो वस्तू आणि तिचा आजूबाजूचा परिसर यांच्यातल्या फरकाचा आहे. परिसर बदलला की वस्तू तीच राहून गुण नाहीसा होतो.

मुंबईपेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. राजाबाई टॉवर 1878 साली पूर्ण झाला, सुमारे 280 फूट उंच. तेव्हाच्या बुटक्या शहरात तो लांबून ओळखू यायचा. आज ओव्हल मैदानावर उभं राहिलात तर तो अजूनही नजर धरून ठेवतो, कारण समोर मैदान मोकळं आहे. पण शहराच्या एकूण आकाशरेषेत तो कुठे आहे हे बोट दाखवून सांगावं लागतं. गिरणगावात तर आणखीच. परळ, लालबाग, करी रोड इथल्या गिरण्यांची धुराडी एके काळी त्या भागाची खूण होती. बरीच पाडली गेली. जी उरली आहेत ती काचेच्या टॉवरांच्या मधल्या फटीत उभी आहेत. उंची विटेनेही कमी झालेली नाही. तरी आज त्यांना ‘कॉन्स्पिक्युअस’ म्हणणं कठीण. ‘वन्स कॉन्स्पिक्युअस’ म्हणा. गंमत म्हणजे एखादं धुराडं विटकरी लाल असल्यामुळे निळ्या काचांपुढे पुन्हा उठून दिसतं, म्हणजे उंचीने गेलेलं रंगाने परत मिळवलेलं. त्याच्याबद्दल लिहायचं तर ‘कॉन्स्पिक्युअस अगेन्स्ट द ग्लास’ असं ‘अगेन्स्ट’ लावून लिहा. या शब्दाबरोबर ‘अगेन्स्ट’ आणि ‘अमंग’ ही दोन अव्ययं फार उपयोगी पडतात, आणि आपल्या लिखाणात ती जवळजवळ दिसतच नाहीत.

दर्यावर्दी लोकांना हे आपल्याआधी कळलेलं आहे. ब्रिटिश नौदलाच्या जुन्या सागरी (ॲडमिरल्टी) नकाशांवर किनाऱ्यावरच्या काही देवळांच्या, मनोऱ्यांच्या, झाडांच्या शेजारी ‘कॉन्स्पिक’ एवढीच खूण छापलेली असायची. वस्तू मोठी आहे की महत्त्वाची आहे, याच्याशी कप्तानाला देणंघेणं नसतं. समुद्रातून बघताना मागच्या डोंगरापासून ती सुटी दिसते का, म्हणजे तिच्यावर नेम धरून जहाजाची जागा काढता येईल का, एवढंच त्याला हवं असतं. या शब्दाची इतकी काटेकोर व्याख्या मला दुसरीकडे कुठे भेटलेली नाही. वाक्य लिहून झालं की मी मनात कप्तानाच्या जागी उभा राहतो आणि विचारतो, इथून ते सुटं दिसतंय का? दिसत नसेल तर ‘प्रॉमिनंट’ किंवा ‘इम्पॉर्टंट’ लिहितो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फिरणाऱ्यांना दुसरं उदाहरण लगेच पटेल. प्लेन टायगर हे केशरी फुलपाखरू उन्हात, उघड्यावर, सावकाश उडतं. त्याची अळी रुईच्या पानांवर वाढते आणि त्या चिकातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. नजरेत येणं हेच त्याचं संरक्षण. वाळक्या पानासारखी दिसणारी फुलपाखरं मात्र पाचोळ्यात बसली की गायब. इंग्रजीत पहिलं ‘कॉन्स्पिक्युअस’, दुसरी ‘इनकॉन्स्पिक्युअस’. यात सुंदर कोण, हा प्रश्नच नाही.

गैरहजेरीचा टोमणा

‘कॉन्स्पिक्युअस बाय हिज ॲब्सेन्स’ हा वाक्प्रचार लोकांना भलता आवडतो आणि नको तिथे वापरला जातो. मूळ प्रसंग रोमचा. इ.स. 22 मध्ये जुनिया या बाईची अंत्ययात्रा निघाली. ती ब्रूटसची बहीण आणि कॅशसची बायको, म्हणजे सीझरला मारणाऱ्या दोघांची अगदी जवळची. वीस थोर घराण्यांच्या पूर्वजांच्या प्रतिमा यात्रेत मिरवल्या, या दोघांच्या मात्र नव्हत्या. इतिहासकार टॅसिटस लिहितो की त्या दिसत नव्हत्या म्हणूनच ते दोघे सगळ्यांत जास्त झळकत होते. हाच विचार ब्रिटिश राजकारणी लॉर्ड जॉन रसेल यांनी 1859 मध्ये लंडनच्या मतदारांपुढे इंग्रजीत मांडला आणि तिथून वाक्प्रचार रुळला.

म्हणजे जो यायलाच हवा होता, ज्याची जागा रिकामी आहे हे सगळ्यांनी पाहिलं आणि ज्याच्या न येण्याला काही अर्थ आहे, त्याच्याबद्दलच हे म्हणायचं. एका कार्यालयाच्या सभेच्या इतिवृत्तात एका सभासदाबद्दल हे वाक्य लिहून आलं होतं. गृहस्थ इस्पितळात होते आणि तसा निरोपही दिलेला होता. लिहिणाऱ्याला फक्त ‘गैरहजर’ म्हणायचं होतं. वाचणाऱ्याला वाटलं, मुद्दाम आले नाहीत. इतिवृत्तात ‘लीव्ह ऑफ ॲब्सेन्स वॉज ग्रँटेड’ लिहा. मराठी बातमीतलं ‘त्यांची अनुपस्थिती प्रकर्षाने जाणवली’ हेही तितकंच जपून वापरायला हवं, कारण आठवण आणि टोमणा दोन्ही त्यात मावतात.

उरलेलं

‘कॉन्स्पिक्युअस कन्झम्प्शन’ हा अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेन यांचा 1899 चा शब्दप्रयोग. इथे विशेषणाचा अर्थ किंचित सरकतो: नुसतं दिसणारं नव्हे, दिसावं म्हणूनच केलेलं. भाषांतरात ‘ठळक उपभोग’ वाचलाय, कृपा करून नको. ‘बडेजावासाठी केलेला खर्च’ असं लांबलचक लिहिलेलं परवडलं. लग्नाच्या हॉलवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकणाऱ्यांना अर्थ फोडून सांगावा लागत नाही.

‘आय फेल्ट कॉन्स्पिक्युअस’ म्हणजे ‘मी उठून दिसलो’ नव्हे. सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटून अवघडल्यासारखं झालं, असा त्याचा भाव. ऑगस्टच्या पावसात चिखलाने भरलेल्या प्लॅटफॉर्मवर पांढराशुभ्र सूट घालून उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभेल.

आणि ‘इनकॉन्स्पिक्युअस’ सगळ्यांत जास्त भेटतो तो डाग काढायच्या औषधाच्या बाटलीवर: ‘टेस्ट ऑन ॲन इनकॉन्स्पिक्युअस एरिया फर्स्ट.’ याचं ‘आधी न दिसणाऱ्या जागी वापरून पाहा’ असं भाषांतर माझ्याकडे तपासायला येतं, आणि न दिसणारी जागा गिऱ्हाइकाला दिसणार कशी, हा प्रश्न कोणालाच पडलेला नसतो. तिथे ‘आधी कपड्याच्या आतल्या बाजूला, शिवणीजवळ थोडं लावून बघा’ असं लिहा.